वजनात न बसणारा वैमानिक

मी रुग्णांना विमानातून फुकट नेतो ही बातमी भोर तालुक्यात पसरली, तेव्हा माझ्या दारात आलेला पहिला माणूस रुग्ण नव्हता. तो शिवऱ्याहून आलेला एका नवरदेवाचा बाप होता. त्याला मुलाच्या वरातीवर वरून झेंडूची फुलं टाकून हवी होती. "हेलिकॉप्टर लई महाग पडतं. तुमचं फुकट हाय म्हणत्यात," तो म्हणाला. मी त्याला बसवून, चहा देऊन समजावलं की ही सोय फक्त आजारी माणसांसाठी आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना आवाज खाली आणून विचारलं, "मग पोराला आजारी दाखवू का?"

त्याच्यानंतर आले ते भोंगवलीचे एक आजोबा. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. मला वाटलं, चला, भवानी झाली. पण आजोबा नुसते चौकशीला आले होते.

"इमान कुठं ठिवलंय?"

"बारामतीला."

"आन हितनं बारामतीला कसं जायचं?"

"माझ्या गाडीनं."

"मग त्याच गाडीनं दवाखान्यात गेलो तर काय बिघडंल?"

आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वर जायला आमाला इमान लागत न्हाई बाबा. वेळ आली की आपसूक जातोय."

थोडं माझ्याबद्दल सांगतो. मी नोकरीची सगळी वर्षं विमानं चालवली, पण बहुतेक मालवाहू. माझे प्रवासी म्हणजे औषधांची खोकी, गाड्यांचे सुटे भाग, हापूस आंबे आणि एकदा शर्यतीचे दोन घोडे. उतरताना यांतल्या कुणीही माझं कौतुक केलं नाही. शेवटची काही वर्षं नव्या पोरापोरींना विमान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर कामथडीला, हमरस्त्यापासून जरा आत, घर बांधून राहिलो. बायको नको नको म्हणत असताना दारावर 'कॅप्टन' अशी पाटी लावली. त्यामुळं सुरुवातीला लोक मला सैन्यातला समजले आणि रानडुकरं हाकलायला बंदूक मागायला येऊ लागले.

माझ्या एका मित्राचा कारखाना आहे, आणि हौसेनं घेतलेलं एका पंख्याचं, चार माणसांचं छोटं विमान आहे. आम्ही काही वैमानिकांनी, काही निवृत्त, काही अजून नोकरीत असलेले, मिळून ठरवलं की ज्यांचे उपचार लांबच्या गावी आहेत आणि ज्यांना आगगाडीचा किंवा मोटारीचा प्रवास सोसत नाही, अशा रुग्णांना या विमानातून पोचवायचं. विमान आणि इंधन मित्राचं, हात आमचे, रुग्णाकडून काही घ्यायचं नाही. भोर-वेल्ह्यातले रुग्ण शोधायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं, आणि पहिल्या वर्षात एकही रुग्ण नेला नाही. बायको शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती रोज संध्याकाळी हजेरी घेतल्यासारखं विचारायची, "आज किती जीव वाचवले?"

मग एक दिवस वेल्ह्याकडून एका आशाताईंचा फोन आला. गावोगाव फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या त्या बाई घाईत होत्या. डोंगरावरच्या धनगरवाड्यात एक बाई आहे, तिच्या मानेत, मणक्याच्या आत गाठ निघाली आहे, असं त्यांनी सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. हे अवघड ऑपरेशन करणारे त्यांचे गुरुजी कर्नाटकात, म्हैसूरच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात होते. तिथं मोफत होणार होतं, दिवाळीनंतरची तारीखही मिळाली होती. पण मानेला हिसका बसता कामा नये. आगगाडीला डॉक्टर नको म्हणत होते. नेहमीच्या विमानानं न्यायचं तर मध्ये बदलावं लागत होतं, आणि बाईला मागं रेलून, जवळजवळ आडवंच न्यायला हवं होतं.

"न्याल का तुमी?" आशाताईंनी विचारलं.

मी फोनवरच ताठ उभा राहिलो. "का नाही? त्यासाठीच तर आहे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वेल्ह्याच्या पुढं गाडीचा रस्ता संपतो आणि तिथून वाड्यापर्यंत पायवाट चढते. मी नोकरीत तीस-तीस हजार फुटांवर आरामात बसून सँडविच खाल्लेला माणूस. त्या पायवाटेच्या पहिल्या वळणावर मी दगडावर टेकलो आणि दुसऱ्या वळणावर त्याच्यावर आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा समोर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक उंच, दणकट बाई उभी होती.

"तुमीच का कप्तान?"

मी मान हलवली. बोलण्याइतका श्वास नव्हता.

"आणा ती पिशवी हिकडं," ती म्हणाली, आणि भारा डोक्यावर तसाच ठेवून माझी पिशवी काखेत मारून पुढं चालू लागली. ही थोरली. जिला न्यायचं होतं तिची मोठी जाऊ. वाड्यावर सगळे या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो.

वाडा म्हणजे पाच-सहा घरं, पुढं म्हशी, मागं कारवीचं रान. धाकटी पडवीत बाजेवर पडून होती. गळ्याला डॉक्टरांनी दिलेला जाड पट्टा. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. हातातली शक्ती हळूहळू जात चालली होती. आधी म्हशीचं दूध काढता येईना, मग भाकरी थापता येईना, आणि आता पाण्याचा तांब्याही धरवत नव्हता. पण हातातली सगळी शक्ती जिभेत गोळा झाली असावी. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "लगनात फुलं टाकत्यात ते तुमीच का?"

म्हणजे बातमी माझ्या आधी डोंगर चढली होती, आणि तिला धापही लागली नव्हती.

मी विमान कसं असतं, किती वेळ लागतो, वाटेत हुबळीला उतरून पाय कसे मोकळे करू, सगळं सांगितलं. धाकटीला त्यातल्या कशाचंच काही वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, "थोरली संगं येईल का?"

थोरली आणि धाकटी या घरात आल्यापासून रोज भांडत होत्या, हे मला पहिल्या तासातच कळलं. तेवढ्या वेळात त्यांचं तीनदा भांडण झालं. एकदा चुलीवरून, एकदा रेडकावरून आणि एकदा माझ्या चहात साखर कुणी जास्त घातली यावरून. तरी धाकटीचं म्हणणं एकच होतं. "दवाखान्यात माझं अंग पुसायला, येणी घालायला कोण हाय? हे हायती, पर ह्यांना काय येतं?" हे म्हणजे तिचा नवरा, खांबाला टेकून बसलेला किडकिडीत माणूस. तो दिवसभरात चार शब्द बोलायचा आणि त्यातला एक 'व्हय' असायचा. पण ऑपरेशनच्या सही-संमतीसाठी तोही हवाच होता.

म्हणजे धाकटी, थोरली, नवरा आणि मी. चार माणसांचं विमान, चार माणसं. मी म्हणालो, "बसतंय की."

इथं छोट्या विमानाची एक गोष्ट सांगायला हवी. त्यात जागेपेक्षा वजन महत्त्वाचं. लांब जायचं म्हणून टाकी पूर्ण भरली, की चार खुर्च्या असल्या तरी चार भरभक्कम माणसं उचलायची त्याची ताकद उरत नाही. शिवाय या विमानाला लागणारं इंधन वाटेत कुठंही मिळत नाही, इथूनच भरून न्यावं लागतं. त्यामुळं उडण्याआधी प्रत्येक माणूस आणि प्रत्येक गाठोडं वजन करून घ्यावं लागतं.

पुढच्या खेपेला मी घरचा वजनकाटा पिशवीत घालून वर नेला. तो दिवस वाड्यावर जत्रेसारखा गेला. आधी मंडळी बिचकली, मग रांग लागली. म्हातारे चढले, पोरं चढली. एका आजोबांनी करडू उचलून आणलं आणि विकायच्या आधी त्याचंही वजन करून घेतलं. धाकटीला लेकरासारखं अलगद उचलून थोरली काट्यावर चढली. मग धाकटीला ठेवून एकटी चढली. दोन्ही आकड्यांत जो फरक आला तो थोरलीनं ऐकला. "येवढीच राह्यली व्हय गं तू," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पुन्हा भांडली नाही. नवऱ्याच्या वजनानं काट्याचा काटा हललाय की नाही हे वाकून बघावं लागलं.

शेवटी मी चढलो. काट्याभोवती सगळा वाडा जमला होता. मी आकडा पायानं झाकायचा प्रयत्न केला, पण करडूवाल्या आजोबांनी तो मोठ्यानं वाचला.

मी एका बाजूला बसून बेरीज केली. पुन्हा केली. बेरीज बारा-तेरा किलोंनी जास्त होत होती.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"वजन जास्त होतंय."

"मग एक माणूस कमी करा."

"कुणाला करायचं? सगळे लागणार."

मग एकेक नजर माझ्या पोटावर येऊन थांबली. आजोबा करडाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "समद्या माणसाला कशाला कमी करायचं? अर्धं केलं तरी भागंल."

मी उभा राहिलो, पोट आत ओढलं आणि जाहीर केलं की ऑपरेशनच्या तारखेपर्यंत मी तेवढं वजन उतरवून दाखवीन. हा वैमानिकाचा शब्द आहे, असंही म्हणालो. शेवटचं वाक्य नसतं बोललो तरी चाललं असतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं चष्मा काढला. "अहो, तुमची ती विद्यार्थिनी आहे ना? काडीसारखी आहे. तिला का नाही सांगत?"

"ती लहान आहे अजून."

"ती रोज दीडशे-दोनशे माणसं घेऊन उडते."

"हे विमान वेगळं आहे," मी म्हणालो. खरं तर तिनं पहिले धडे याच जातीच्या विमानावर गिरवले होते, आणि ते मीच शिकवले होते. पण वर्षभर वाट बघून मिळालेला पहिला रुग्ण मी कुणाला देणार नव्हतो. धाकटीच्या मानेची काळजी मला होतीच. पण ती मान माझ्याच हातानं म्हैसूरला पोचावी, अशीही इच्छा होती. या दोन्हींतली कुठली मोठी होती हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

तर माझं वजन उतरवणं सुरू झालं, आणि दोन आठवड्यांत माझं पोट हा दोन तालुक्यांचा विषय झाला. नसरापूरच्या चहावाल्यानं माझ्यासमोर गरम भज्यांची परात फिरवली आणि मी हात पुढं करताच मागं घेतली. "कप्तान, तुमाला न्हाई. बाईचं ऑपरेशन हाय." आजूबाजूच्या चार गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. वेल्ह्याच्या एसटीचा कंडक्टर मला रस्त्याकडेला चालताना बघून खिडकीतून ओरडायचा, "किती उतरलं?" मी बोटं दाखवायचो. एखादं बोट जास्तच दाखवायचो.

व्यायाम म्हणून मी दर दोन-तीन दिवसांनी धनगरवाडा चढायचं ठरवलं. चढण फुकट, हवा चांगली, आणि धाकटीची खुशालीही कळणार. कल्पना उत्तम होती. तिच्यात एकच खोट होती. वर पोचलं की वाडा होता.

"कप्तान घामाघूम झाल्यात. ताक द्या त्यांना," बाजेवरून हुकूम यायचा. ताक चालतं, असं मी मनाशी म्हणायचो. मग ताकात लोण्याचा गोळा यायला लागला. मग ताकाबरोबर भाकरी, भाकरीवर तूप. "येवढं डोंगर चढून आला, मोकळं कसं जाणार?" मी नाही म्हणून बघितलं. धाकटी भिंतीकडं तोंड करून पडायची आणि थोरली माझ्याकडं असं बघायची, जणू मीच तिला दुखवायला डोंगर चढून आलो होतो.

मग एक म्हैस व्याली आणि खरवस झाला.

त्या दिवशी धाकटी उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "कप्तानाला मी देते." थोरलीनं खरवसाची वाटी तिच्या दोन्ही तळव्यांत ठेवली. धाकटीनं ती माझ्याकडं केली. अर्ध्या वाटेत बोटं उघडली, वाटी घरंगळली आणि खरवस गोधडीवर सांडला. धाकटी आपल्या हातांकडं दुसऱ्या कुणाचे असल्यासारखी बघत राहिली. थोरलीनं गोधडीचा कोपरा पुसला, वाटी पुन्हा भरली आणि धाकटीच्या तळव्यांत ठेवली. या वेळी खालून स्वतःचे हात लावले. चार हातांनी ती वाटी माझ्यापर्यंत आली.

मी ती संपवली. आणखी एक मागितली. तीही संपवली. त्या वेळी कुणी मला कॅलरी हा शब्द ऐकवला असता तर मी त्याला डोंगरावरून ढकलून दिलं असतं.

दिवाळी झाली. निघायच्या आधीच्या आठवड्यात मी घरी बाथरूमचं दार लावून काट्यावर चढलो. उतरलो. काटा भिंतीजवळ सरकवला, फरशी वाकडी असेल म्हणून. पुन्हा चढलो. सहा आठवडे डोंगर चढून आणि भजी सोडून माझं वजन एक किलो वाढलं होतं.

बाहेर आलो तेव्हा बायकोनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. फोन आणून माझ्या हातात दिला.

विद्यार्थिनीनं दुसऱ्या घंटीला उचलला. मी सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "सर, मी येते. तेव्हा सुट्टीच आहे मला." मग जरा थांबून, "पण सर, तुम्ही का नाही जात?"

"हवामान बरोबर नाही."

"हवामान तर छान दाखवतायत आठवडाभर."

"माझ्या कमरेचं हवामान म्हणतोय मी."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. तिनं फोन तोंडापासून लांब धरला असावा.

वाड्यावर सांगायला गेलो तेव्हा मी पायवाटेवर भाषण जुळवत गेलो होतो. वय झालं, नजर पूर्वीसारखी नाही, वगैरे. धाकटीनं मला मध्येच तोडलं. "आमी खाऊ घातलं म्हणून व्हय?"

"न्हाई, न्हाई. तसं नाही."

"तसंच हाय," थोरली म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली. मग धाकटी हसली. मानेच्या पट्ट्यामुळं तिला नीट हसता येत नव्हतं, म्हणून ती डोळ्यांनी हसली आणि डोळ्यांतून पाणी आलं. खांबाजवळून नवऱ्याचा त्या दिवसाचा पहिला शब्द ऐकू आला. "व्हय."

पण माझ्याऐवजी एक पोरगी विमान नेणार म्हटल्यावर धाकटी गंभीर झाली. "पोरीच्या जातीला जमतंय का इमान?"

"मला जमतं त्यापेक्षा चांगलं जमतं," मी म्हणालो. हे मी त्यांना धीर यावा म्हणून बोललो, पण बोलल्यावर कळलं की ते खरंही आहे.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी वाड्यावरच्या पुरुषांनी धाकटीला बाजेसकट खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत उतरवलं. वैमानिक म्हणून माझी गरज उरली नव्हती, पण बारामतीपर्यंत ड्रायव्हर लागणारच होता. पुढची खुर्ची मागं पाडून धाकटीला तिच्यात रेलवलं. थोरली मागून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली. मी गाडी सुरू केली. आयुष्यात कुठलंच विमान उतरवलं नसेल इतक्या काळजीनं मी ती गाडी चालवली. प्रत्येक खड्ड्याआधी थांबायचो, चाक हळूच आत सोडायचो, हळूच बाहेर काढायचो. कापूरहोळला हमरस्ता ओलांडून नारायणपूरकडं वळलो तोवर माझ्या मागं दोन एसट्या आणि एक लग्नाचा टेम्पो लागला होता. मोटारसायकलवरचा एक जण काचेजवळ येऊन काळजीनं म्हणाला, "काका, धक्का देऊ का?" मोरगावच्या पुढं उसाचे दोन भरलेले ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरनं मला मागं टाकलं. तो चालवणारा मोठ्यानं गाणी लावून चालला होता, आणि त्यानं मला हात केला.

धाकटीनं डोळे मिटूनच विचारलं, "इमान बी असंच चालतं का?"

"न्हाई, ते जरा जोरात जातं," थोरली म्हणाली.

मुक्काम मित्रानं बारामतीत सोय केलेल्या खोलीत केला. सकाळी ऊन वर यायच्या आत निघायचं होतं, कारण ऊन तापलं की हवा उसळते आणि छोटं विमान हिंदकळतं. विद्यार्थिनी आधीच धावपट्टीवर हजर होती. तिनं धाकटीच्या गालाला हात लावला, म्हणाली, "मावशी, मला लेक समजा," आणि मग खुर्ची, पट्टे, उशा, सगळं स्वतः तपासलं. मी दोन सूचना केल्या. त्या दोन्ही गोष्टी तिनं आधीच केल्या होत्या. तिसरी सूचना माझ्या तोंडातच राहिली.

विमान निघालं. मी कडेला उभा होतो. हातांचं काय करावं कळेना. उजवा हात आपोआप पुढं होऊन हवेत काहीतरी ओढत होता. चाकं जमिनीवरून अलगद उचलली गेली, हिसका म्हणून नाही. मला एवढा आनंद झाला आणि एवढा हेवा वाटला, की त्यातलं काय आधी आणि काय नंतर ते मला आजही सांगता येणार नाही. विमान ठिपका झाल्यावर तिथला पहारेकरी म्हणाला, "साहेब, तुमचं माणूस होतं का आत?" मी म्हणालो, "हो." मग गाडीत जाऊन बसलो आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. या माणसाचा फोन म्हणजे सगळं प्रश्न विचारूनच काढायचं.

"झालं का?"

"व्हय."

"शुद्धीवर आल्या का?"

"व्हय."

"काही बोलल्या का?"

मग त्याच्याकडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य आलं. "थोरलीला म्हणाली, येणी सैल घातलीस."

मी फोन ठेवला आणि बायकोला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिनं त्या दिवशी हजेरी घेतली नाही.

गाठ साधी निघाली. पुढचे काही आठवडे धाकटी तिथंच राहिली, बोटांचे व्यायाम शिकली. थोरलीला घरच्या म्हशी सोडून फार दिवस राहता येईना, म्हणून ती ओळखीच्या सोबतीनं आगगाडीनं परत आली. त्यामुळं परतीला उरली दोनच माणसं, आणि दोन माणसांबरोबर मी माझ्या सगळ्या पोटासकट वजनात बसत होतो.

त्या परतीच्या उड्डाणाची मी किती तयारी केली! आजारपणाआधी धाकटी कधी तालुक्याबाहेर गेली नव्हती. तिला वरून काय काय दाखवायचं हे ठरवलं. तुंगभद्रा कुठं लागेल, कृष्णा कुठं, कोणत्या बाजूला सह्याद्रीची रांग दिसेल. नकाशा घेऊन बायकोपुढं तालीमही केली.

विमान वर चढलं, सरळ झालं, आणि मी घसा खाकरून म्हणालो, "आता डाव्या हाताला बघा."

वळून पाहिलं तर धाकटी गाढ झोपली होती. तोंड उघडं, हात पोटावर. मी मागच्या खुर्चीवरच्या नवऱ्याकडं वळलो. त्यानं डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ हलत होते. तुंगभद्रा आली नि गेली. हुबळीला उतरलो तेव्हा धाकटीनं एक डोळा उघडला, तिथल्या बाईच्या आधारानं पाय मोकळे करून आली, खुर्चीत रेलली आणि पुन्हा झोपली. कृष्णा तर इतकी सुंदर चमकत होती की मी तिच्याबद्दल मोठ्यानं बोललो, एकट्यानंच. बारामतीला मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अलगद उतरणं केलं. चाकं टेकली ते मलाच कळलं नाही. एक प्रवासी घोरत होता आणि दुसऱ्याचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं मागून नवऱ्याचा आवाज आला.

"लागलं का खाली?"

"लागलं."

धाकटीनं डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं. "आलं व्हय? येवढ्यात?"

तिची करंगळी अजून थोडी बधिर आहे. बाकी बोटं ऐकायला लागली. दूध काढायला वेळ लागतो, पण काढते, आणि मध्ये थोरली आली तर तिला हाकलून देते.

महिन्याभरानं मी वाड्यावर गेलो तेव्हा दुपार होती. पडवीत खालच्या गावातल्या बाया गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध धाकटी. बोलण्यात ती इतकी रंगली होती की मी आल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. मी खांबाआड दम घेत उभा राहिलो.

"मग काय झालं," ती सांगत होती, "वरनं बघत्ये तर खाली जेजुरी! गड दिसतोय, पायऱ्या दिसत्यात, भंडारा नुसता उधळलाय, समदं पिवळंधमक. मी म्हनलं, कप्तान, जरा हळू घ्या. त्यांनी इमान हळू केलं. मी वरनंच देवाला हात जोडलं, असं." आणि तिनं हात जोडून दाखवले.

आम्ही जेजुरीवरून गेलोच नव्हतो. ती वाटच वेगळी होती. एक म्हातारी संशयानं म्हणाली, "येवढ्या वरनं भंडारा दिसतोय व्हय?"

धाकटीनं मान वळवली आणि मी दिसलो. आता तिची मान सहज वळत होती. क्षणभर ती गोंधळली, मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "हे काय, कप्तानच आलं. इचारा त्यांनाच. व्हय ना वो, कप्तान?"

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या.

"व्हय," मी म्हणालो. "आणि गर्दी तर लई होती."